सातबाऱ्यावरचा ‘वर्ग 2’: शेरा काढण्याआधी तो आला कुठून ते बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव राखून ठेवलं आहे):

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात आमची दोन गटांत जमीन आहे. पहिला गट 1 हेक्टर 20 आर, जिरायत, आकार (जमिनीवर ठरलेला सारा) 4 रुपये 80 पैसे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ आणि इतर हक्कात ‘कु.का. (कुळकायदा) कलम 43 च्या बंधनास पात्र’ असं लिहिलेलं आहे. वडील गेल्या वर्षी वारले. थोरल्या भावाला रस्त्याकडेच्या बाजूला गोदाम बांधायचं आहे आणि मला 10 गुंठे विकून शहरातल्या घराचं कर्ज कमी करायचं आहे. ओळखीचा एक दलाल म्हणतो, ‘वर्ग 2 म्हणजे सरकारी जमीन, 2 लाख द्या, वर्ग 1 करून आणतो.’ जमीन शंभर वर्षं आमच्या घरात आहे, मग सरकार मध्ये येतंच कसं? दुसरा गट 85 आर. तो चुलत आजीचा होता. त्या 1950 च्या सुमारास विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, 1991 मध्ये वारल्या आणि जमीन वडिलांच्या नावावर आली. त्यावर इतर हक्कात गावातल्याच एका घराचं नाव ‘साधे कूळ’ म्हणून आहे आणि तेच लोक आजही ती कसतात. ही सत्तर वर्षांपूर्वीची नोंद आहे, ती काढून टाकता येईल का? दोन बहिणी आहेत, त्यांना काही नको आहे. 10 गुंठ्यांसाठी गिऱ्हाईक तयार आहे, 50 हजार विसार घेऊन साध्या स्टॅम्पवर लिहूनही दिलं आहे.

उत्तर:

नमस्कार. पत्रात तुम्ही सातबाऱ्यातले शेरे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरं केलंत. ‘जमिनीवर काहीतरी सरकारी शेरा आहे’ एवढंच लिहिलं असतंत, तर नेमकं उत्तर देता आलं नसतं.

आधी तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या गटाबद्दल तुम्ही म्हणता की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कसतोय, मग आमच्या हक्काला आडकाठी कशाला. दुसऱ्या गटाबद्दल म्हणता की ते लोक कसत असले तरी त्यांची नोंद जुनी झाली. दोन्ही शेरे एकाच कायद्यातून आलेत. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948. पहिल्या गटात तुमचं घर कूळ होतं आणि दुसऱ्या गटात तुमचं घर मालक आहे. कायदा एकीकडे लागू आणि दुसरीकडे कालबाह्य, असं धरून चाललात तर दोन्ही गटांत अडचण होईल.

‘कलम 43’ हा शेरा कुळाने त्या कायद्याखाली विकत घेतलेल्या जमिनीवर येतो. म्हणजे शंभर वर्षं जमीन तुमच्या घराच्या कसवणुकीत असेल, पण मालकी शंभर वर्षांची नाही. 1956 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती मालकाकडून विकत घेतली, असं कायद्याने मानलं. पुढे शेतजमीन न्यायाधिकरणाने (व्यवहारात तहसीलदारांनी) कलम 32-ग खाली किंमत ठरवायची, कुळाने ती एकरकमी किंवा हप्त्याने भरायची आणि पूर्ण भरली की कलम 32-म चं प्रमाणपत्र घ्यायचं. तुमच्या आजोबांच्या हातात मालकी आली ती या वाटेने. ज्या सरकारने मध्ये येऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते 1957 मध्ये मध्ये आलं म्हणून आज विकायला जमीन आहे.

मग विक्रीवर बंधन कशाला? यामागचा विचार 1957 च्याही आधीचा आहे. रयतवारीत (सरकारने सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीत) दख्खनच्या शेतकऱ्याला जमीन विकण्याची, गहाण टाकण्याची मोकळीक मिळाली. सारा रोखीने आणि ठरल्या वेळी भरायचा होता, त्यामुळे सावकाराकडे जाणं आलंच, आणि जमिनी हळूहळू त्याच्या नावावर जाऊ लागल्या. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे सुरू झाले आणि लोकांनी सावकारांची खतं जाळली. 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शतकाच्या शेवटी दोन दुष्काळ पडले आणि 1901 मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून, सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन परत देताना ‘ही विकता किंवा गहाण टाकता येणार नाही’ अशी अट घालण्याची सोय केली. महसुली बोलीतली ‘नवी शर्त’ ती हीच. गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. विकण्याचा हक्क काढला तर शेतकऱ्याची पत जाईल, हा गोखल्यांचा मुद्दा होता. सरकार ऐकत नाही म्हटल्यावर मेहता, गोखले आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी सभात्याग केला. तुमची तक्रार गोखल्यांच्या तक्रारीच्या जवळची आहे, तेव्हा ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण तीच नवी शर्त स्वातंत्र्यानंतर वतनाच्या (गावकामाच्या मोबदल्यात दिलेल्या), सरकारने वाटलेल्या आणि कुळांना मिळालेल्या जमिनींवर आली, कारण मिळालेली जमीन दोन-चार वर्षांत पुन्हा पैसेवाल्याकडे जाईल ही भीती खरी होती.

आता दलाल. ‘वर्ग 2 म्हणजे सरकारी जमीन’ हे तुमच्या बाबतीत साफ चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 29 मध्ये भोगवटादारांचे वर्ग दिलेत. वर्ग 1 ला हस्तांतरणाची मोकळीक, वर्ग 2 ला बंधन. बंधन कुठल्या कायद्याने आलं ते ‘वर्ग 2’ या दोन शब्दांतून कळत नाही, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. कुळकायद्याची जमीन, वतनाची जमीन, भूमिहीनाला दिलेली सरकारी जमीन, सिलिंगमधून (कमाल जमीनधारणा कायद्यातून) वाटलेली जमीन, धरणग्रस्ताला मिळालेली जमीन, सगळ्यांवर वर्ग 2 लिहिलेलं दिसेल. सुटण्याचे रस्ते मात्र वेगळे, अधिकारी वेगळे आणि पैशाचा हिशेब तर अगदीच वेगळा. कुठली जमीन कुठल्या प्रकारची, हे गावपातळीवर गाव नमुना 1-क मध्ये नोंदलेलं असतं. तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) त्या नमुन्यातली तुमच्या गटाची नोंद मागा.

तुमच्या पहिल्या गटाला 2014 ची दुरुस्ती लागू होते. कुळाने जमीन विकत घेतल्याला 10 वर्षं उलटली असतील, तर आकाराच्या 40 पट रक्कम सरकारजमा करून ती पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येते. तुमचा आकार 4 रुपये 80 पैसे. गुणिले 40, म्हणजे 192 रुपये. दलालाने मागितलेल्या 2 लाखांशी ताडून बघा.

रक्कम एवढी किरकोळ कशी, असा संशय कुणालाही येईल. ‘आकार’ ज्या पद्धतीने ठरला ती एकोणिसाव्या शतकातली आहे. 1836 च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी रीत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मातीची खोली आणि रंग बघायचा, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करायचे, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची आणि त्यावरून सारा बसवायचा. साधारण 30 वर्षं तो दर कायम राहायचा. आज तुमच्या सातबाऱ्यावर दिसणारा आकार त्या जमाबंदीच्या परंपरेतला आहे. हायवे झाला, बाजारभाव चढला, पण आकार जागचा हलला नाही. म्हणून आकाराच्या पटीत मागितलेली रक्कम हलकी असते आणि बाजारमूल्याच्या टक्केवारीत मागितलेली जड. कुठल्याही वर्ग 2 जमिनीबाबत पहिला प्रश्न हाच विचारा: रक्कम कशाच्या प्रमाणात?

192 रुपये भरले की झालं, असं मात्र नाही. खरं काम कागदांचं आहे आणि ते अडतं ते बहुतेक वेळा 32-म पाशी. त्या गटाचे 1950 पासूनचे हस्तलिखित सातबारे आणि त्यांवर वर्तुळात लिहिलेल्या क्रमांकांचे सगळे फेरफार काढा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर स्कॅन स्वरूपात मिळतात, बाकी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज देऊन. डिजिटल स्वाक्षरीचा चालू सातबारा 15 रुपयांत मिळतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका, त्यात इतिहास नसतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना सर्व्हे-हिस्सा नंबर कुठला होता ते शोधावं लागेल. तो धागा जोडणारा उतारा भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो.

या कागदांत तीन गोष्टी सापडायला हव्यात: 32-ग चा आदेश, किंमत भरल्याच्या नोंदी किंवा चलनं, आणि 32-म चं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र घरात नसेल तर घाबरू नका, त्याचा उल्लेख फेरफारात असतो आणि न्यायाधिकरणाच्या दप्तरातून नक्कल मागता येते. पण फेरफारात 32-ग आहे आणि 32-म कुठेच नाही, असं निघालं तर थांबा. बऱ्याच घरांत पहिले दोन-तीन हप्ते भरले गेले आणि पुढचे राहिले. किंमत पूर्ण भरली नसेल तर खरेदीच पक्की झालेली नसते. अशी खरेदी निष्प्रभ ठरून जमिनीचं काय करायचं हा प्रश्न कलम 32-प खाली उघडू शकतो. तेव्हा 40 पटीचा अर्ज करण्याआधी थकीत रकमेचं बघावं लागतं, आणि ते कुळकायद्याची कामं नेहमी चालवणाऱ्या वकिलाच्या सल्ल्यानेच करा. दिवाणी कामं करणारे सगळेच वकील यात मुरलेले नसतात.

त्याच्याही आधी वारस नोंद. वडील जाऊन वर्ष झालं. संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते, अर्ज ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे द्या. अर्जात आई हयात असेल तर ती, तुम्ही दोघे भाऊ आणि दोन्ही बहिणी, सगळ्यांची नावं लिहा. ‘त्यांना काही नको आहे’ हे तोंडी चालत नाही. बहिणींना हक्क सोडायचाच असेल तर आधी त्यांची नावं लागू द्यावीत आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. नाव न लावताच परस्पर खरेदीखत झालं तर उद्या एखादी बहीण किंवा तिची मुलं दावा लावू शकतात, आणि तो दावा कमकुवत नसतो. शिवाय बहिणींना खरंच काही नको आहे का, हे त्यांना जमिनीची आजची किंमत सांगून पुन्हा एकदा विचारा. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

वारसांची नावं लागली आणि 32-म हाताशी आलं की तहसीलदारांकडे साधा अर्ज करायचा. सोबत चालू सातबारा, 8-अ (खात्याचा उतारा), 32-ग आणि 32-म च्या नकला, सगळे फेरफार जोडायचे. तहसीलदार रक्कम कळवतात, ती ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून चलनाने भरायची, आदेश घ्यायचा आणि त्या आदेशावरून फेरफार करून घ्यायचा. शेवटची पायरी लोक विसरतात. आदेश कपाटात राहतो, सातबाऱ्यावर वर्ग 2 तसंच राहतं आणि दहा वर्षांनी नातू तोच अर्ज पुन्हा लिहीत बसतो.

2014 च्या सवलतीला अटीही आहेत. घेणारा शेतकरी असला पाहिजे, त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेच्या आत हवी आणि तुकडेबंदीचा भंग होता कामा नये. तुमचे 10 गुंठे इथे अडखळतात.

तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. वाटण्या होत होत शेताच्या पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की त्यात औत वळेना, तेव्हा तो आला. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आर आणि बागायतीला 10 आर केलं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, साधारण 1.01 आर. तुमचे 10 गुंठे म्हणजे 10.1 आर. जमीन जिरायत म्हणून लागलेली असल्याने शेतजमीन म्हणून हा तुकडाच ठरतो. 20 गुंठे असते तर 20.2 आर भरले असते, तेही काठावर. मोजणीत थोडं कमी निघालं तर संपलं. विहीर असेल आणि पाण्याची सोय प्रत्यक्षात असेल, तर बागायत नोंद होऊ शकते का ते बघा. पण विक्रीसाठी खोटी विहीर चढवण्याच्या भानगडीत पडू नका. तुकड्यांच्या नियमांत गेल्या काही वर्षांत वारंवार बदल झालेत आणि नियोजन क्षेत्रातल्या जमिनींना सवलती आहेत. म्हणून नगररचना कार्यालयातून गटाचा झोन दाखला काढा. गट शेती विभागात आहे की रहिवास विभागात, यावर तुमच्या विक्रीचं आणि भावाच्या गोदामाचं दोन्हींचं भवितव्य ठरेल.

माझं मत विचाराल तर 10 गुंठे विकू नका. घराचं कर्ज हलकं करायला रस्त्याकडेचा तुकडा तोडलात, तर मागच्या जमिनीचा रस्ताच जाईल आणि उरलेल्या हेक्टरभराची किंमत पडेल. भावाला गोदाम बांधायचं असेल तर त्याला तुमच्या हिश्शाचा मोबदला देऊ द्या. कुटुंबातल्या कुटुंबात हिशेब होईल, शेतकरी असण्याचा प्रश्न येणार नाही. तरीही बाहेर विकायचंच ठरलं, तर 20 आरच्या वर आणि मागच्या जमिनीला गाडीवाट नकाशावर दाखवूनच.

गोदामाबद्दल थोडक्यात. आधी वर्ग 1, मग झोन, मग मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), मग बिगरशेती वापराचं. उलट्या क्रमाने गेलात तर शर्तभंग होतो आणि दंड लागतो. भाऊ स्वतः बांधणार असेल तर हस्तांतरण नाही, काम सोपं. पण एखाद्या कंपनीला जागा विकायची असेल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरचं कुळकायद्याच्या कलम 63 चं बंधन वेगळं आहे. 192 रुपयांनी ते सुटत नाही.

आता दुसरा गट. इथे तुमची घाई मला जास्त धोक्याची वाटते.

चुलत आजी विधवा होत्या, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. 1 एप्रिल 1957 ला मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल, तर कलम 32-फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली गेली. विधवेच्या बाबतीत तिचा हक्क संपल्यावर वारसाला स्वतः कसण्यासाठी जमीन मागायला एक वर्ष, आणि ते संपल्यावर कुळाला विकत घ्यायला एक वर्ष. आजी 1991 मध्ये वारल्या. तुमच्या वडिलांनी 1992 पर्यंत कलम 31 खाली काही केलं का? पत्रावरून तरी नाही. मग कुळाने पुढच्या वर्षी नोटीस दिली का? बहुधा नाही, गावात कुणाला हे माहीतच नसतं. म्हणून कित्येक मालक म्हणत आले की कुळाची मुदत गेली, हक्क गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे कलम असं वाचलं की मालकाच्या वारसाने कुळाला कळवल्याशिवाय त्याच्यावर मुदत लादता येणार नाही. तेव्हा ‘सत्तर वर्षं झाली’ या युक्तिवादाचा तुम्हाला उपयोग नाही.

आणखी एक पेच आहे, तो आधी तपासा. विधवा एकत्र कुटुंबाचा भाग असेल आणि 31 मार्च 1958 च्या आधी तिचा हिस्सा सरस-निरस पाहून, हद्दी पाडून वेगळा झालेला नसेल, तर 32-फ ची सवलत मिळतच नाही. म्हणजे तुमचे आजोबा आणि चुलत आजी तेव्हा एकत्र होते असं जुन्या कागदांतून निघालं, तर ते कूळ 1 एप्रिल 1957 लाच मालक झालेलं असू शकतं, आणि तुमच्या वडिलांच्या नावावर चढली ती नुसती नोंद. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच तिचं बळ.

यात लोक दोन चुका करतात. पहिली, महसूल संहितेच्या कलम 155 खाली ‘लेखनप्रमाद दुरुस्ती’चा अर्ज देऊन कुळाचं नाव उडवणं. कूळ आहे की नाही हे कुळकायद्याच्या कलम 70-ब खाली चौकशी करूनच ठरवायचं असतं, लेखनाची चूक म्हणून नाही. असं उडवलेलं नाव अपिलात परत येतं, आणि दरम्यान कुणी ती जमीन घेतली असेल तर तोही तुमच्या गळ्यात पडतो. दुसरी, कुळाला थोडे पैसे देऊन साध्या स्टॅम्पवर ‘हक्क सोडला’ असं लिहून घेणं. कुळाने जमीन सोडायची तर कलम 15 प्रमाणे लेखी राजीनामा लागतो आणि तो खुशीने दिला आहे ना, याची तहसीलदारांनी समक्ष पडताळणी करावी लागते. ताबासुद्धा तहसीलदारांच्या आदेशाशिवाय घेता येत नाही. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर अडवायला जाऊ नका.

मग करायचं काय? तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही त्या घराशी बोलूनच जातात. एक, 32-ग ची कारवाई होऊ द्यायची. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या 20 ते 200 पट या मर्यादेत बसते, वर विहीर, झाडं, बांधकाम असेल तर त्याचं मूल्य. आकार किती जुना आहे हे वर पाहिलंच, तेव्हा हातात फारसं काही येणार नाही. दुसरा, जमीन वाटून घेण्याची तडजोड: काही भाग कूळ विकत घेईल, काही भागाचा रीतसर राजीनामा देईल, दोन्ही तहसीलदारांसमोर. भाग पाडताना 20 आरची मर्यादा इथेही सांभाळा. कूळ स्वखुशीने तयार असेल तर हा रस्ता व्यवहार्य आहे, पण तयार होण्याचं त्याच्यावर कसलंही बंधन नाही, हे लक्षात ठेवून बोलायला बसा. पहिल्या गटाचे कागद हातात घेऊन गेलात तर बोलणं सोपं जाईल. तुमच्या आजोबांना 1957 नंतर जे मिळालं तेच ते मागताहेत.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन, पण वेगळ्या भागातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. कलमांचे आकडे सगळीकडे सारखे नाहीत. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळकायदा, तिथे 43 च्या जागी 50-ब बघा. विदर्भात 1958 चा वेगळा कायदा, तिथे कलम 57. 40 पटीची सवलत या दोन्हींनाही आहे. पूर्व विदर्भात जमीन घेताना मालगुजारीचा (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या जमीनदारीचा) इतिहास आडवा येतो. मालगुजारी गेली तरी गावाचे निस्ताराचे (चराई, सरपण अशा सामायिक वापराचे) आणि तळ्याच्या पाण्याचे हक्क निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये (गावाच्या रूढी-हक्कांच्या नोंदवहीत) नोंदलेले असतात, सातबाऱ्यावर ते दिसत नाहीत. माजी मालगुजारी तलावाजवळची स्वस्त जमीन घेण्याआधी ते वाचा. कोकणात खोती (गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत) 1949 च्या कायद्याने गेली, त्याआधी अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 असा संप केला होता. तिथल्या जुन्या सातबाऱ्यावर खोताचं आणि कुळाचं अशी दोन्ही नावं दिसली, तर पहिलं मालकाचं असं धरून व्यवहार करू नका.

वतनाच्या जमिनीचं 40 पटीत भागत नाही. तिथे नजराणा (सरकारला भरायची रक्कम) बाजारमूल्याच्या टक्केवारीत जातो आणि न भरता झालेल्या विक्रीत जमीन सरकारजमाही होऊ शकते. महार वतनाच्या जमिनी कवडीमोलाने घेऊन वर उभ्या राहिलेल्या वसाहती आज याच कारणाने अडकल्या आहेत. देवस्थान इनाम वर्ग 3 (देवस्थानाला दिलेली जमीन) असेल तर पुजाऱ्याचं किंवा वहिवाटदाराचं नाव बघून भुलू नका, ती जमीन त्यांना विकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचं कलम 36-अ आहे, तिथे बिगर आदिवासीने परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

राहिला तुमचा 50 हजारांचा विसार. कलम 43 नुसत्या खरेदीखताला लागत नाही, विक्रीच्या लेखी करारालाही लागतं. तुम्ही स्टॅम्पवर लिहून दिलं तेव्हा 40 पट रक्कम भरलेली नव्हती, वारस नोंद नव्हती, बहिणींच्या सह्या नव्हत्या आणि क्षेत्र प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली होतं. तो कागद तुमच्याही कामाचा नाही आणि घेणाऱ्याच्याही. घेणाऱ्याला बोलावून हे सगळं सांगा, पैसे चेकने किंवा खात्यावरून परत करा, मूळ स्टॅम्प परत घेऊन त्यावर ‘रक्कम परत मिळाली, व्यवहार रद्द’ असं त्याच्या सहीने लिहून घ्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पुढे वर्ग 1 झाल्यावर त्यालाच द्यायचं ठरलं, तर तो शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे त्याच्या नावाचा सातबारा किंवा 8-अ, आधी बघा आणि मग नोंदणीकृत करार करा.